काळा ठिपका, लाल फूल

मी एक जुना भिंगाचा दिवा आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, दिव्याला राग येतो हे ऐकून हसू नका. दुसऱ्याला नीट दिसावे म्हणून ज्याने सारी उमर उजेड दिला, त्याच्या डोक्यावर ओला टॉवेल वाळत घातला तर त्याला दुसरे काय येणार?

आधी मी दिसतो कसा ते सांगतो. मेजाच्या कडेला आवळून बसवायची एक पकड, तिच्यातून वर निघालेला, दोन ठिकाणी वाकणारा लांब हात आणि हाताच्या टोकाला ताटलीएवढे गोल डोके. डोक्याच्या मधोमध जाड काचेचे भिंग आणि भिंगाभोवती उजेडाची नळी. नळी पेटली की प्रकाश सरळ खाली पडतो, सावली उरत नाही, आणि भिंगातून पाहणाऱ्याला मुंगीच्या पायावरचे केससुद्धा दिसतात. मुंगीचे उदाहरण मी आपले सोपे म्हणून दिले. माझे काम माणसांच्या कातडीशी होते.

कारखान्यात माझे भिंग ज्याने घासले, तो कारागीर बुडबुडा राहिलेली काच सरळ टोपलीत टाकायचा. शेजारचा त्याला चिडवायचा, की एवढ्या बारीक बुडबुड्याचे काय घेऊन बसलास, कोण बघतंय. तो मान वर न करता म्हणायचा, "भिंग घेणारा बघायलाच घेतो ना रे?" हे वाक्य मी जन्माबरोबर घेऊन आलो. पुढे मला एक माणूस असाही भेटायचा होता, ज्याच्या दुकानात भिंग होते आणि बघण्याची गरज उरली नव्हती. पण ते नंतर.

दुकानाच्या फळीवर बसून मी वाट पाहत होतो. मला वाटले होते, एखादा घड्याळजी नेईल, नाहीतर दातांचा डॉक्टर. एक दिवस एक बाई आली. दुकानदाराने माझी परीक्षा घ्यायला तिच्यापुढे वर्तमानपत्र धरले. तिने ते बाजूला सारले आणि स्वतःचे मनगट माझ्याखाली ठेवले. बराच वेळ पाहून म्हणाली, "हा चालेल." ती टॅटू काढायची. सगळे तिला माई म्हणत. तेव्हा ती काही म्हातारी नव्हती, पण काही बाया तरुणपणीच माई होतात.

तिचे दुकान एका शिंप्याच्या आणि एका किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानांमध्ये चेपून बसलेले होते. आत एक मागे कलणारी खुर्ची, हात ठेवायला गादीची फळी, भिंतीवर चित्रांचे कागद आणि खिडकीत शाईच्या बाटल्यांची रांग. रोज सकाळी माई फळी पुसायची, नवे कागद अंथरायची, सीलबंद सुया काढून ठेवायची आणि मग माझे भिंग मऊ फडक्याने गोल गोल पुसायची. मी स्वच्छ झालो की दुकान उघडले असे ती समजायची.

आता गंमत ऐका. माईच्या स्वतःच्या अंगावर एकही टॅटू नव्हता. शिंपी तिला यावरून छळायचा. "माई, मी उघडा बसून कपडे शिवले तर लोक येतील का माझ्याकडे?" माई म्हणायची, "माझं अंग भांडकुदळ आहे बाबा. घड्याळाच्या पट्ट्याशी भांडतं, चष्म्याच्या काडीशी भांडतं, विजारीच्या बटणाशी भांडतं. त्याला आणखी एक शेजारी कशाला देऊ?"

खरेच होते ते. कितीतरी स्वस्त दागिन्यांत, पट्ट्यांत आणि बटणांत निकेल नावाचा धातू मिसळलेला असतो. पुष्कळांना त्याचे काही वाटत नाही. काहींच्या कातडीला मात्र तो अजिबात सोसत नाही. जिथे लागेल तिथे लाल चट्टा उठतो, खाज सुटते, पाणी वाहते. माईची कातडी तसली होती. आणि स्वतः असल्या कातडीत राहत असल्यामुळे दुसऱ्याच्या कातडीला शाईशी ओळख करून दिल्याशिवाय ती सुई लावत नसे.

त्यासाठी तिची एक पद्धत होती. तिला त्या दुकानात नुसते "ठिपका" म्हणत. गिऱ्हाईक आले की माई आधी विचारायची, कानातले घालून कधी कान चिघळलेत का, घड्याळाखाली पुरळ येते का. येत असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन या, मग बोलू, असे सांगून ती चहा पाजून परत पाठवायची. बाकीच्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूला ती ठिपके द्यायची. चित्रात जेवढे रंग, तेवढे ठिपके. मोहरीएवढे. मग त्यांना घरी पाठवून द्यायची आणि चांगला महिना-दीड महिना येऊ नका म्हणायची. ते परतले की तो दंड माझ्याखाली यायचा. ठिपका सपाट असेल तर माई म्हणायची, "गप्प आहे." जरा जरी फुगलेला, लालसर, खवल्यासारखा असेल तर म्हणायची, "हा बोलतोय." बोलणारा रंग त्या माणसाला मिळायचा नाही. कितीही हुज्जत घाला.

हुज्जत तर घालायचेच. एक बसचालक वाघाचे चित्र घेऊन आला होता. दीड महिना थांबायचे ऐकून तो भडकला. "बाई, मी काय सिमेंटचा स्लॅब आहे का, सुकत ठेवताय?" माई म्हणाली, की वाघ जन्मभर अंगावर राहणार आहे, त्याला दीड महिना दारात उभा राहू दे. तो पाय आपटत गेला आणि दीड महिन्याने आला. काळा गप्प होता. पिवळा नुकताच बोलू लागला होता, इतक्या हळू, की उघड्या डोळ्यांना कळलेही नसते. माईने त्याचेच डोळे माझ्या भिंगापाशी आणले. तो पाहतच राहिला. वाघ काळ्या पट्ट्यांचाच झाला, आणि झकास झाला. जाताना त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "ह्या गड्याने वाचवलं बघा." मित्रांनो, एखाद्या दिव्याला याहून मोठे काय मिळणार? त्या रात्री मी बंद असूनही माझ्या आत उजेड होता.

एक गोष्ट मात्र माई प्रत्येकाला सांगायची. ठिपका गप्प राहिला म्हणजे जन्माची हमी मिळाली असे नाही. काही ठिपके वर्षांनी बोलतात. "मी फक्त विचारून बघते," ती म्हणायची. "उत्तर द्यायचं की नाही, ते कातडीच्या हातात."

माईला एक मुलगी होती. शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि रिकाम्या वेळी माझ्या उजेडात गृहपाठ करायची. मुलीची कातडी आईवर गेली होती. लहानपणी कुण्या आत्याने हौसेने कानातले दिले, तर दोन्ही कान सुजून टरारले आणि कित्येक दिवस उशीवर डाग पडत राहिले. पण पोरच ती. समोर खुर्चीत बसून लोक पाखरे, चांदण्या, जहाजे अंगावर घेऊन जाताना पाहायची आणि तिला वाटायचे, सगळ्या जगाला देतेस, मलाच का नाही?

मग माईने तोड काढली. मुलीच्या वाढदिवसाला ती दुकान थोडे उशिरा उघडायची. खाण्याचे लाल आणि हिरवे रंग पाण्यात कालवायची, ते मुलीला चालतात हे आधी पाहून ठेवलेले असायचे, आणि बारीक कुंचल्याने तिच्या हाताच्या आतल्या बाजूला डाळिंबाचे फूल काढायची. जाड लाल देठ, मेणासारख्या लाल पाकळ्या, खाली दोन हिरवी पाने. माझ्या भिंगाखाली मी ते फूल दर वर्षी उमलताना पाहिले. संध्याकाळी हात धुतला की ते वाहून जायचे. मुलगी हळहळायची. थोडी मोठी झाल्यावर तिने हट्ट धरला, की आता खरे काढ. माईने कुंचला खाली ठेवला.

"काढलेलं फूल तुझ्या अंगाला नको झालं, तर मला ते परत घेता येणार नाही गं."

तो विषय तिथेच संपला. फूल मात्र दर वर्षी येत राहिले, मुलगी नकाशांच्या कचेरीत नोकरीला लागली तरीसुद्धा. कामावर जाताना ती बाही दुमडून जायची, म्हणजे दिवसभर दिसावे.

पुढे माईच्या बहिणीचा मुलगा दुकानात शिकायला आला. मुलगी त्याला दादा म्हणायची. त्याचा हात फार चांगला होता. खोटे कशाला बोलू? माईपेक्षाही त्याची रेघ सरळ होती. स्वभावानेही तो प्रेमळ. मावशीला खोकला झाला तर औषध आणून द्यायचा, शिंप्याच्या म्हाताऱ्या आईला जिन्यावरून धरून उतरवायचा. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो. नुकसान करणारी माणसे दुष्टच असतात असे तुम्ही समजू नका. बहुतेक वेळा ती प्रेमळ आणि घाईत असतात.

मग माई आजारी पडली. आधी दुपारपर्यंतच यायची, मग अधूनमधून, मग एक दिवस येईनाशी झाली. मला कुणी काही सांगितले नाही. दिव्याला कोण सांगणार? दुकान बरेच दिवस बंद होते. उघडले तेव्हा माझ्या काचेवर धूळ होती आणि ती पुसायला कुणी आले नाही, तेव्हा मला काय ते समजले.

दुकान भाच्याकडे आले. त्याने भिंतींना रंग दिला, खुर्ची बदलली आणि उंच तिकाटण्यावर एक मोठा गोल दिवा आणला. फोटो छान येतात म्हणे. मी त्या नव्या पाहुण्याकडे नीट पाहिले. माझ्यात जिथे भिंग आहे, तिथे त्याच्यात भोक आहे. भोकात फोन अडकवायचा. उजेड भरपूर आणि पाहायची सोय कोणतीच नाही! कातडीचा फुगवटा, खवले, लाली, सारे तो आपल्या गोड प्रकाशात पुसून टाकायचा. त्याच्यापुढे बसलेला प्रत्येकजण सुंदर दिसायचा. मला उचलून हात धुण्याच्या बेसिनजवळ बसवण्यात आले. माझ्या वाकलेल्या हातावर टॉवेल चांगला राहतो, असा शोध भाच्याने लावला.

तेही मी सोसले असते. पण ठिपक्याचे जे झाले ते मला सोसवले नाही.

भाच्याने ठिपका बंद केला नाही. बंद केला असता तर निदान लोकांना कळले तरी असते. त्याने ठिपका ठेवला आणि त्यातला जीव काढून घेतला. पुष्कळ गिऱ्हाइके काळ्या रंगाचेच काम मागत, म्हणून काळी शाई नेहमी काढलेली असायची. प्रत्येक रंगाचा वेगळा ठिपका द्यायचा तर वेगळी वाटी, वेगळी सुई, वेगळा वेळ. तेव्हा तो सगळ्यांना एकच ठिपका द्यायचा. काळा. चित्र निळे असो, हिरवे असो, लाल असो, ठिपका काळा! कुणी विचारलेच तर म्हणायचा, की सगळ्या बाटल्या एकाच कंपनीच्या आहेत, एक चालली म्हणजे सगळ्या चालल्या. तुमच्या वर्गातल्या एका मुलाला गणित आले म्हणून गुरुजींनी साऱ्या वर्गाला पास केले, तर तुम्ही खूश व्हाल. पण ते बरोबर असेल का? बाटल्यांवरचे नाव एक असते. आतला प्रत्येक रंग वेगळ्या गोष्टींचा बनलेला असतो.

गिऱ्हाइकांना वाटायचे, इथे फार काळजी घेतात. बाहेर पाटीसुद्धा होती, "आधी ठिपका, मग टॅटू." पाटी माईच्या हातची होती.

एके दिवशी मुलगी आली. आई गेल्यानंतर ती दुकानात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. तिने पिशवीतून एक कागद काढून गादीच्या फळीवर ठेवला. माईने काढलेले डाळिंबाचे फूल होते ते. तिने सांगितले, की आता वाढदिवसाला कुणी काढणार नाही, तेव्हा एकदाच काय ते काढून टाक.

भाच्याचे डोळे भरून आले. मग तो मावशीच्या आठवणी सांगत बसला. मुलीनेच विषय काढला, की माझ्या अंगाचे तुला ठाऊक आहे, आई नाहीच म्हणाली होती, आधी डॉक्टरांना विचारू का.

"डॉक्टर काय, नाहीच म्हणणार," भाचा म्हणाला. "ठिपका देतो की. गप्प राहिला तर करायचं, नाहीतर नाही. मावशीचीच पद्धत आहे."

मावशीचीच पद्धत! मी टॉवेलखाली होतो, पण टॉवेलची वीण विरळ होती. मी पाहिले. मुलीने बाही वर केली. भाच्याने सवयीने हात लांब केला आणि समोर होती त्या वाटीत सुई बुडवली. दंडाच्या आत ठिपका उमटला. काळा. आणि त्याच्या शेजारी फळीवर लाल फुलाचा कागद पडलेला होता. माझ्या नळीत वीज असती तर मी त्या क्षणी फुटलो असतो.

तुम्ही विचाराल, मुलीला दिसले नाही का? दिसले नाही. तिने ठिपक्याकडे पाहिलेच नाही, ती कागदाकडे पाहत होती. तिच्यावर मी रागावणार नाही. दुःखात असलेले माणूस खुर्चीत बसते, तेव्हा ते आपले डोळे दुसऱ्याच्या हवाली करते. म्हणून तर समोरच्याने दुप्पट पाहायचे असते.

ठरल्याप्रमाणे ती थांबली. पुरते दिवस थांबली. आईने शिकवलेले होते ना! परत आली, तेव्हा भाच्याने तिचा दंड त्या भोकवाल्या दिव्यापुढे धरला, म्हणाला, "एकदम गप्प," आणि फुलाचा छाप हातावर उतरवायला घेतला. काळी रेघ, हिरवी पाने, मग लाल. पाकळ्या भरताना तो हळुवार होता. पुन्हा सांगतो, हात फार चांगला होता त्याचा. काम संपल्यावर मुलगी हाताकडे पाहून हसली आणि मग रडली. त्याने फोटो काढला आणि मोठा करून दाराच्या काचेवर लावला. येणारा-जाणारा थांबून पाहायचा. शिंपी म्हणाला, माईचाच हात उतरलाय तुझ्यात.

काही आठवडे फूल नीट राहिले. मग मुलगी लांब बाह्यांचा कुडता घालून आली. खाज येते म्हणाली. भाचा म्हणाला, नवीन आहे, खाजणारच, खाजवू नकोस. ती पुन्हा आली, तेव्हा तो म्हणाला, साबण बदलला असशील. त्यानंतर आली तर म्हणाला, तुला धातू चालत नाही ना, सुईचा त्रास असेल, जाईल हळूहळू. सुई! बिचारी सुई काम करून केव्हाच डब्यात गेली होती. अंगात राहिली ती शाई. पण धातूची वस्तू दिसली, की दोष तिच्यावर टाकून मोकळे व्हायचे. आम्हा लोखंडी जातीला हे नवीन नाही.

आणि शेवटी तो जे बोलला ते मी विसरणार नाही. आवाज अगदी मायेचा होता. "तू अजून सावरली नाहीस गं. कधीकधी मनातलं दुःख असं अंगावर उठतं."

मुलगी उठली. ती बेसिनपाशी आली. तोंडावर पाणी मारले आणि टॉवेल ओढला. टॉवेलखाली मी होतो. ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या काचेवर साबणाच्या शिंतोड्यांचे ठिपके, कडेला बुरशी. तिने मला सोडवले, फळीवर आणून आवळले, कुडत्याच्या टोकाने माझे भिंग गोल गोल पुसले आणि तार खोचली. माझी नळी दोनदा फडफडली. मला भीती वाटली, इतक्या दिवसांनी पेटेन की नाही. पेटलो.

तिने बाही वर केली आणि हात माझ्याखाली ठेवला.

मित्रांनो, मी पुष्कळ कातडी पाहिली आहे. तरी ते पाहून मला वाईट वाटले. प्रत्येक पाकळी फुगून वर आली होती. टणक, चकाकणारी, कडेला सोलवटलेली, कुठे कुठे नखांनी फुटलेली. पण त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे त्या फुगवट्याची हद्द. काळी रेघ जिथे होती तिथे कातडी सपाट. हिरवी पाने सपाट. देठ लाल होता, तो उठलेला. लाल जिथे संपत होते, तिथे फुगवटाही संपत होता, केसाइतकाही पुढे गेला नव्हता. नकाशात दोन मुलुखांची सीमा दाखवतात तशी. नकाशे वाचणाऱ्या मुलीला आणखी काय सांगायला हवे होते?

"दादा, इकडे ये," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बघ."

तो वाकला. माझ्या भिंगात त्याचा डोळा मोठा झाला. तो कितीतरी वेळ पाहत होता, बहुधा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग तिने बाही आणखी वर सरकवली आणि दंडाच्या आतली बाजू माझ्याखाली आणली. तिथे तो मोहरीएवढा ठिपका होता. सपाट, शांत, निरोगी.

"ठिपका कोणत्या रंगाचा दिला होतास?"

एकाच कंपनीच्या बाटल्या वगैरे भाच्याच्या ओठांवर आले असणार. पण फूल समोर होते. माझ्या उजेडात खोटे बोलणे अवघड असते, कारण सावलीच पडत नाही.

"काळा," तो म्हणाला.

"आणि फूल?"

तो खाली स्टुलावर बसला. इतका वेळ खुर्चीत थांबलेल्या एका गिऱ्हाइकाने आता माझं करताय ना, असे विचारले, तेव्हा भाच्याने त्याला हात जोडून आज जायला सांगितले. त्याचे चित्रही लाल होते.

मुलगी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथे मी नव्हतो, पण तिने येऊन सांगितले ते ऐकले. बाईंनी सांगितले, की लाल शाईतल्या धातूच्या अंशामुळे असेल किंवा त्या रंगातल्या दुसऱ्याच कशामुळे असेल, नक्की सांगता येत नाही. लाल रंग पुष्कळांना बाधतो. लेसरने काढू म्हटले तर आतला रंग फुटून अंगभर जायचा धोका. कापून काढले तर व्रण. तूर्त मलम लावायचे, ते पातळ आणि फक्त उठलेल्या जागी, कारण चांगल्या कातडीला लागले तर ती विरविरीत होते. किती दिवस? बाई म्हणाल्या, बघू. कदाचित महिने, कदाचित अधूनमधून कायमचेच. आईचे फूल होते. ते अंगाला नको होते आणि ते परत घेणारे कुणी नव्हते.

भाच्याने दारावरचा फोटो काढायला घेतला. मुलीने त्याला थांबवले. ती म्हणाली, की काढू नकोस, त्याच्या शेजारी आत्ताचा लाव, तेवढाच मोठा. तो घाबरला. लोक काय म्हणतील, दुकानावर कोण येईल, मावशीचे नाव जाईल.

"आईचं नाव तू काळ्या ठिपक्याने घालवलंस," ती म्हणाली. "फोटोने नाही जाणार."

एवढ्या साऱ्या दिवसांत ती त्याला बोलली ते इतकेच. माझ्यासारखा चिडका दिवा असता तर पाऊण तास बोलला असता.

फोटो माझ्या भिंगातून काढला. आता दाराच्या काचेवर दोन फुले आहेत आणि त्यांच्यामध्ये भाच्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, की ठिपका दुसऱ्याच रंगाचा दिला होता. काही लोक वाचून परत फिरतात. शिंपी म्हणतो, असे कुणी दुकान चालवतात का. काही आत येतात आणि आपले कान, मनगटे, पोट दाखवून विचारतात. त्यांना ठिपके मिळतात, जेवढे रंग तेवढे.

तरी माझा राग गेलेला नाही. का जावा? गप्प राहिलेला ठिपका पाहून लोकांना धीर वाटतो, आणि तो कोणत्या प्रश्नाला गप्प राहिला हे कुणी विचारीत नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला अंगावर काही कोरून घ्यावेसे वाटेल. जरूर घ्या, तुमचे अंग आहे. पण तुमची कातडी कानातल्याशी, घड्याळाशी, बटणाशी भांडत असेल, तर तिचे म्हणणे आधी डॉक्टरांपुढे मांडा. ठिपका देणाऱ्याला बाटली दाखवायला सांगा. आणि खाज येते म्हणून कुणी तुमच्याकडे आले, तर त्याच्या दुःखाला, साबणाला, नखांना दोष देण्याआधी दिवा लावा आणि पाहा.

माझे सध्याचे काम सांगून थांबतो. घरी एका हाताने लावताना मुलगी मलम सरसकट फासते, म्हणून ती दुकानात येते. भाचा मला जवळ ओढतो, कापसाच्या काडीवर मलमाचा कण घेतो आणि ज्या पाकळ्या त्याने एका बैठकीत भरल्या होत्या, त्यांच्यावर एकेक करून काडी फिरवतो. मध्येच तिचा हात आखडतो. पूर्वी तो म्हणाला असता, काही नाही, होतं असं. आता तो काडी उचलतो.

"कुठे?" तो विचारतो आणि ती सांगेपर्यंत हात थांबवून ठेवतो.